सोनकेळ कशी गेली

"बूट काढा, साहेब. पाय धुवा, मंग चाला आत," तापीराम आप्पा म्हणाले.

बागेच्या तोंडाशी दगडी कुंडी होती. कुंडीत पाणी, शेजारी आप्पांच्या चपला व्यवस्थित जोडून ठेवलेल्या. पलीकडे त्यांची मुलगी हेमलता हातात तांब्या घेऊन उभी होती, माझ्या पायांवर पाणी घालायला. मी माझ्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत येणारे काळे गमबूट, त्यांवर घोट्यापर्यंत चिखल.

"आप्पा, गमबूट काढायचे नसतात," मी म्हणालो. "ते घालायचेच असतात. रबराला रोगाचे जंतू चिकटत नाहीत. उलट उघड्या पायांनी जास्त धोका."

रबराबद्दलचं ते वाक्य मी तिथल्या तिथे तयार केलं होतं. तयार करताना मला जराही अडखळायला झालं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

"आमच्या बागात कोनी पायतान घालून जात नही," आप्पा म्हणाले. "लक्ष्मी हाये ती. पन तुम्ही शिकलेले. तुमचं शास्त्र सांगत असंल तर तसं." मग मुलीकडे वळून, "जाऊ दे हेमा, ठेव तांब्या खाली."

हेमलताने तांब्या खाली ठेवला. माझ्या बुटांकडे एकदा पाहिलं. मी बूट वाजवत बागेत शिरलो.

ही पस्तीस-छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पंचविशीचा होतो, शेतकी पदवीधर होतो आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर आयुष्यात एकदाही मला सगळं कळलं नाही. रावेर तालुक्यात केळीवरच्या रोगांची पाहणी करणारं एक छोटं केंद्र निघालं होतं. दोन खोल्या, एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, आमचे प्रमुख मोहरील साहेब आणि मी. गमबुटांचा एकच जोड होता आणि तो मोहरील साहेबांना होत नव्हता म्हणून मला मिळाला. मलाही तो होत नव्हताच. एक नंबर लहान होता. पण लूनावर बसून, गमबूट घालून, गळ्यात भिंग अडकवून मी गावात शिरलो की पारावरची माणसं 'फेगडे साहेब आले' म्हणत. ते ऐकायला मी पायाची बोटं चेमटवून घ्यायला तयार होतो.

त्या दिवशी सकाळी मी तापीपलीकडच्या एका बागेत गेलो होतो. तिथे मर रोगाने एका वेगळ्या, नाजूक जातीची केळी उभी वाळत होती. नमुने घेतले, खोडाचे तुकडे पिशवीत बांधले आणि थेट आप्पांकडे आलो. कारण मोहरील साहेब म्हणाले होते, "तापीराम भारंब्यांकडे सोनकेळीचं जुनं बेट आहे. अख्ख्या तालुक्यात दुसरीकडे राहिलेलं नाही. बघून ये."

आप्पांच्या बागेत सगळी बसराई जातीची केळी होती, तालुक्यात सगळ्यांकडे असते तशी. ओळीत लावलेली, एका उंचीची, एका वयाची. त्या बसराईच्या मधोमध, विहिरीजवळ, ते सोनकेळीचं बेट होतं. उंच, सडपातळ, पंधरा-वीस खोडांचं. एका झाडावर घड पिकत आला होता. हेमलताने त्यातली दोन केळी मला दिली. साल कागदाएवढी पातळ आणि आत आंबटगोड, घट्ट गर. मी दोन्ही खाल्ली आणि तिसऱ्याकडे पाहत व्याख्यान सुरू केलं.

"हे काळे ठिपके बघा," केळ मधोमध मोडून मी म्हणालो. "या बिया होत्या. राहून गेल्या."

"मी बी लहानपनापासून इचारतो," आप्पा म्हणाले. "आंब्यात कोय, पेरूत बिया, सीताफयात तर नुसत्या बियाच. मंग केयात बी काहून नही?"

मला याहून सुखाचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी गमबूट फाकवून उभा राहिलो.

"जंगली केळात असतं बी. वाटाण्याएवढं, दगडासारखं. गर नावाला. हजारो वर्षांपूर्वी माणसाला एखादं बिनबियांचं झाड सापडलं. बी होण्यासाठी झाडातल्या गुणसूत्रांची दोन सारख्या भागांत वाटणी व्हावी लागते. या झाडात गुणसूत्रांचे संचच तीन. आता दोन भावांत तीन बैल वाटायचे म्हटले तर..."

"भांडनं व्हतील."

"वाटणीच होत नाही! म्हणून बी धरत नाही. केळ वांझ आहे, आप्पा."

"वांझ नका म्हनू," आप्पा हळूच म्हणाले. "पाच पिलं हायेत तिच्या पायाशी."

"तेच सांगतोय. माणसाने त्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पील काढून लावलं. त्याचं पील पुढच्याने लावलं. म्हणजे हे झाड कुणाची मुलगी नाही, कुणाची नात नाही. तेच एक झाड आहे, हातोहात चालत आलेलं."

आप्पा थांबले. "म्हंजे सुभद्रानं माहेराहून आनली व्हती, तीच ही?"

"तीच."

"तिची लेक नही? तीच?"

"अगदी तीच."

सुभद्रा म्हणजे आप्पांची बायको. लग्नात येताना तिने माहेरच्या बेटातलं एक पील मांडीवर घेऊन बैलगाडीतून आणलं होतं. पुढे तिच्या माहेरी सगळं काढून बसराई लावली. ती जाऊन आठ वर्षं झाली होती. आप्पांनी जवळच्या खोडावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. माझ्या जागी दुसरा कुणीही असता तर गप्प बसला असता.

"आणि म्हणूनच धोका आहे!" मी बोट उंचावून म्हणालो. "बियांपासून आलेली झाडं भावंडांसारखी. एक मेलं तरी दुसरं टिकतं. इथे सगळी एकच. एका झाडाला जो रोग मारेल, तो सगळ्यांना मारेल. एकाला जे औषध नाही, ते कुणालाच नाही. तुमची ही सोनकेळ, आप्पा, आज आहे, उद्या नाही!"

हेमलता माझ्याकडे पाहत होती. ती नजर कौतुकाची आहे असा मी समज करून घेतला.

त्यानंतर मी दर आठवड्याला पाहणीला जाऊ लागलो. इतकी पाहणी त्या तालुक्यात कोणत्याही बागेची झाली नसेल. सोमवारी तापीपलीकडच्या मरत्या बागेत नमुने, तिथून परस्पर आप्पांच्या बागेत सोनकेळ. हेमलता बहिःशाल बी. ए. करत होती आणि सकाळी आप्पांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची. मी गेलो की वाचन थांबायचं आणि चहा यायचा. आप्पांना चष्मा नको होता. "पोरगी वाचते तवा बातमी बरी वाटते," असं त्यांचं म्हणणं. मी त्या घरात एक पत्रकही भेट दिलं, 'केळीवरील मर रोग : ओळख व प्रतिबंध'. लेखक म्हणून खाली माझं नाव छापलेलं होतं. हेमलताने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. एवढं मन लावून ते मीही वाचलं नव्हतं.

दसऱ्याला मी माझा मोठा सल्ला दिला.

"सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत म्हणतात ना, तसं..." असं सुरू करणार होतो. पण आप्पा शाकाहारी, म्हणून सरळच बोललो. "आप्पा, बेट एकाच जागी ठेवू नका. लग्न झालेल्या दोन्ही मुलींकडे दोन-दोन पिलं लावा. इथे काही झालं तर तिथे टिकेल."

"आमच्यात पील घराबाहेर देत नहीत."

"का?"

"देत नहीत."

"याला काही शास्त्रीय आधार?"

आप्पांनी बेटाकडे पाहिलं. "तुम्ही म्हनता ती हीच हाये, लेक नही. तर मंग तिले वाचवाया पाहिजे," ते म्हणाले. "लावा."

मी स्वतः कुदळ घेतली. चार पिलं काढली, गोणपाटात बांधली आणि लूनाला लटकवून दोन थोरल्या बहिणींच्या सासरी पोचवली, एक चिनावलला, दुसरी निंभोऱ्याला. दोन्हीकडे माझा जावयासारखा पाहुणचार झाला. माझ्या वडिलांनीही मध्ये कुणाला तरी घालून आप्पांकडे हेमलतासाठी शब्द टाकला होता आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, बोलणी करू असा निरोप आला होता. सल्ला बरोबर होता, हे मला सांगितलंच पाहिजे. पुस्तकात आजही तोच सल्ला आहे.

जानेवारीत थंडी कडाक्याची पडली. शेवटच्या आठवड्यात आप्पा म्हणाले, "साहेब, सोनकेयीची खालची पानं पिवयी पडी राह्यली."

मी भिंगातून पाहिलं. "थंडीचा चटका. पालाशही कमी दिसतंय." चिठ्ठीवर खताचं प्रमाण लिहून दिलं. आप्पांनी ते खत वाटीने मोजून झाडाझाडाला घातलं.

पंधरा दिवसांनी तीन झाडांची पानं देठातून मोडून खोडाभोवती लोंबत होती. एक खोड बुडाशी उभं चिरलं होतं. आणि त्याच आठवड्यात थोरलीचं पत्र आलं, की आम्ही नेमाने पाणी घालतो, तरी सोनकेळीने माना टाकल्या, आमचं काही चुकलं का? मधलीचा निरोपही तोच. चिनावल आणि निंभोरा यांच्यात सामाईक असं काय होतं? एक मी होतो.

मी कोयता मागितला आणि चिरलेलं खोड बुडाशी आडवं कापलं. पांढऱ्या गरात तांबूस-तपकिरी ठिपक्यांचं एक गोल कडं होतं. ते कडं मी ओळखत होतो. तसले तुकडे मी वर्षभर तापीपलीकडून पिशवीत बांधून आणत होतो. बुरशी मातीतून येते, मुळातून आत शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. मातीत एकदा आली की वीस-तीस वर्षं जात नाही. बसराईला ती काही करत नाही. सोनकेळीला सोडत नाही. आणि माती स्वतःच्या पायाने चालत नाही.

"काय हाये?" आप्पांनी विचारलं.

"मर रोग," मी म्हणालो.

आम्ही घरी आलो. ओट्यावर बसलो. हेमलताने चहा आणला. आप्पांचा सालदार सुकलाल खांबाला टेकून उभा होता. तो वीस वर्षं त्या घरी होता. आप्पांनी चहाला हात लावला नाही.

"बागात कोनीतरी न धुता गेलं," ते म्हणाले. "माही माय सांगे, धुतल्याबिगर कोनी गेलं तर लक्ष्मी निघून जाते. सुकलाल, तू गेलता?"

"नही, आप्पा. कसा जाईन?"

"मंग कोन गेलं? मी गेलो? पावसायात घाईघाईत तू शिरला असशीन. आठव."

"आप्पा, इस वरसं झाली मले..."

"आठव म्हनलं ना!" आप्पांचा आवाज चढला. त्या माणसाला चढ्या आवाजात बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. "तिची एवढी एक गोष्ट राह्यली व्हती माह्यापाशी. तुले बाकी कोठं काम पाह्यजे तर पाह्य आता."

सुकलालने खांब सोडला. मी कपातला चहा बशीत ओतला. अगदी सावकाश ओतला.

"मी गेली व्हती," हेमलता म्हणाली. "चप्पल घालून. सरावनात, फुलं आनाया."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर उठले आणि आत निघून गेले. मी बशी तोंडाला लावली. चहा पिऊन झाल्यावर बशी पुसून ठेवावी इतकी ती रिकामी होती, तरी मी ती हातात धरून होतो.

त्या दिवसापासून आप्पा मुलीशी बोलले नाहीत. रागावलेही नाहीत. फक्त बोलले नाहीत. सकाळी वर्तमानपत्र यायचं आणि घडी न मोडता ओट्यावर पडून राहायचं. हे मला सुकलालने बाजारात सांगितलं.

मी केंद्रात बसून अहवाल लिहिला. रोगाचं नाव, लक्षणं, बाधित झाडांची संख्या, नष्ट करण्याचा उपाय हे सगळं लिहिलं. 'रोगाचा स्रोत' या रकान्यापाशी मी दोन दिवस थांबलो. मग लिहिलं : 'अज्ञात.' माझ्या सगळ्या लेखनात याहून नेटकं काही मी लिहिलेलं नाही. मोहरील साहेबांनी अहवाल वाचला आणि अक्षर सुधारलंय म्हणाले.

पंधराव्या दिवशी हेमलता एस. टी. ने केंद्रावर आली. एकटी. मोहरील साहेब जिल्ह्याला गेले होते. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. तिने पिशवीतून माझं पत्रक काढून टेबलावर ठेवलं. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती.

"वाचा," ती म्हणाली.

"मीच लिहिलंय ते."

"म्हणूनच वाचा."

मी वाचलं. "'रोगट बागेतील माती बूट, चाके व अवजारे यांना चिकटून निरोगी बागेत जाते. बागेत प्रवेश करण्यापूर्वी...'"

"पुढे."

"'...प्रवेश करण्यापूर्वी पादत्राणे काढून पाय स्वच्छ धुवावेत.'"

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पत्रक वाचल्यापासून. तरी वाटलं, एवढे शिकलेले आहेत, यांच्या बुटांचं काही वेगळं असेल. रबराचं काहीतरी म्हणाला होतात तुम्ही."

"मग त्या दिवशी तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"सुकलाल निघाला होता ना. त्याचं बिऱ्हाड आमच्याच मळ्यात. आणि..." ती थांबली. "आणि मला वाटलं, मी खोटं बोलले की तुम्हाला बोलावंच लागेल. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही चहा पीत होता. म्हटलं, बशी खाली ठेवतील आणि बोलतील."

ती एस. टी. ची वेळ झाली म्हणून निघून गेली. पत्रक टेबलावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या चपला घालून आप्पांकडे गेलो. रस्ताभर भाषणाची तयारी केली. भाषण चांगलं झालं होतं. त्यात मातीतल्या बुरशीच्या बीजाणूंबद्दल एक परिच्छेदही होता. आप्पा ओट्यावर बसले होते. बेट त्यांनी आदल्या दिवशी मुळासकट काढून जाळलं होतं आणि त्यांच्या भुवया थोड्या करपल्या होत्या. ते पाहिलं आणि भाषण विसरलो.

"आप्पा, रोग मी आणला," मी म्हणालो.

"काय?"

"माझ्या बुटांना पलीकडच्या बागेतली माती होती. दर सोमवारची. आणि चिनावल-निंभोऱ्याला पिलं नेली, त्यांच्याबरोबर तिकडेही मीच नेला. हेमलता कधी चप्पल घालून गेली नाही. सुकलालही नाही."

आप्पा माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मला वाटलं, आता त्यांच्या हाताशी काठी असेल तर बरं. निदान काहीतरी होईल.

"पन तुम्हाले तर ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुम्ही लोकाले सांगत फिरे. मंग बूट काहून नही काढले?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण हेमलता दारात येऊन उभी राहिली होती.

"मोजा फाटला होता," मी म्हणालो.

"काय फाटलं व्हतं?"

"मोजा. उजव्या पायाचा. अंगठा अख्खा बाहेर यायचा. आणि बूट एक नंबर लहान, काढायचा तर दुसऱ्याने ओढावा लागायचा. पहिल्या दिवशी तुमची मुलगी तांब्या घेऊन समोर उभी होती. तिच्यासमोर बूट ओढवून घ्यायचा आणि आतून तो अंगठा... मला लाज वाटली. म्हणून रबराचं सांगितलं. एकदा सांगितल्यावर मग दर सोमवारी तेच खरं करावं लागलं."

आप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. ते हसत होते. आवाज न करता, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मधेच म्हणाले, "आंगठा!" आणि पुन्हा हसले. मग हसू संपलं, पाणी राहिलं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. पुसून झाल्यावरही ते पुसतच होते.

"सुभद्रा असती," ते म्हणाले, "तर हसून हसून मेली असती."

मी खाली बघत उभा होतो.

"बसा," आप्पा म्हणाले. "बसा, साहेब. गेली ती. तुम्ही येऊन सांगितलं, कोनी सांगत नही. मी तुमच्या जागी असतो तर नसतं सांगितलं. आखाजीनंतरचं ते आपलं बोलनं, ते तसंच राहू दे. माह्या मनात काही नही." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "हेमा," ते म्हणाले.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात ते नाव घेतलं गेलं असावं. हेमलता बाहेर आली. आप्पांना पुढचं बोलता येईना. त्यांनी बाजूला पडलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला, तिच्या हातात दिला आणि गुरांकडे बघून येतो म्हणून मागच्या अंगणात गेले.

मला इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. अख्ख्या तालुक्यातली सोनकेळ मारून मी ओट्यावर बसलो होतो आणि मला हलकं वाटत होतं. आप्पांनी माफ केलं होतं, बोलणी कायम होती. मी हेमलताकडे पाहून हसलोसुद्धा.

"तुम्ही मला मोज्याचं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर मी तिथेच शिवून दिला असता."

"आता कळतंय मला."

"ते मला समजतं. लाज वाटली, खोटं बोललात. मीही बोलले." ती गठ्ठ्यातली वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावत होती. "मी लग्नाला नाही म्हणून सांगणार आहे. आप्पांना मी सांगेन, तुम्ही काळजी करू नका."

"पण आप्पांनी तर..."

"आप्पांची केळ गेली. त्यांनी सोडून दिलं. ती त्यांची होती." तिने शेवटचं वर्तमानपत्र गठ्ठ्यावर ठेवलं. "माझे पंधरा दिवस गेले. रोज सकाळी मी आप्पांसमोर बसायची आणि ते भिंतीकडे बघायचे. आणि रोज मला वाटायचं, आज तुम्ही याल. ते पंधरा दिवस माझे आहेत. ते मी सोडत नाही."

पंचविसाव्या वर्षी सगळं कळणाऱ्या माणसाला साधं 'चुकलो' म्हणायचंही सुचलं नाही. आज सुचतं. कितीतरी प्रकारे सुचतं. ती पुढे नाशिककडे दिली गेली, शाळेत मुख्याध्यापिका झाली असं ऐकलं. मीही लग्न केलं, संसार केला, केळीच्या रोगांवर आणखी अकरा पत्रकं लिहिली. सोनकेळ तालुक्यात पुन्हा कुणाकडे दिसली नाही.

पण त्या दिवशी मी उठून निघालो असतो तर या गोष्टीला जरा तरी शोभा आली असती. मी चपला घालत होतो, तेवढ्यात आप्पा मागून आले. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं.

"कोठं चालले? उपाशी जायचं नही. भरीत केलंय, कयन्याची भाकर केलीय. चला."

मी नाही म्हणू शकलो असतो. पोट बिघडलंय म्हणता आलं असतं. तेवढं एक खोटं त्या दिवशी तरी चाललं असतं. पण मी चपला काढल्या, पाय धुतले आणि आत जाऊन पाटावर बसलो.

आप्पा माझ्या शेजारी बसून मोठ्या उत्साहाने बोलत होते. विहिरीजवळची जागा रिकामी झालीय, तिथे आता काय लावावं हे मलाच विचारत होते. हेमलता वाढत होती. भरीत झणझणीत होतं, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. मी ज्वारी-उडदाची एक भाकर संपवली. ती माझ्या ताटापुढे येऊन थांबली.

"अजून वाढू?" तिने विचारलं.

मी मान वर न करता म्हणालो, "वाढा."